गाळ किती ते मोजले, आता कुठला ते विचारू

सप्टेंबर २०२५मध्ये सीनेच्या पुराने करमाळा, माढा, मोहोळ तालुक्यांतली नदीकाठची शेते खरवडून नेली. पंचनाम्यांत क्षेत्र मोजले गेले. माती गेली कुठे, हा रकाना पंचनाम्यात नसतो. तसाच बंधाऱ्यातला गाळ आला कुठून, हा रकाना गाळ काढण्याच्या अंदाजपत्रकात नसतो. मृद-जलसंधारणात काम करणाऱ्या आपण सर्वांनी हे दोन्ही रकाने उघडावेत, एवढेच या संपादकीयाचे मागणे.

सीना उजनीच्या खाली, कुडल संगमावर भीमेला मिळते. त्यामुळे तिचा गाळ उजनीत अडत नाही. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांतून जे सुटते ते भीमेबरोबर रायचूरकडे कृष्णेत जाते आणि पुढे जुराळा, श्रीशैलम, नागार्जुनसागर येथे बव्हंशी बसते. कृष्णेच्या मुखाशी भरती-ओहोटीचे जे चिखलपट्टे आहेत, त्यांच्या चिकणमातीत दख्खनच्या काळ्या मातीतले स्मेक्टाइट भरपूर आहे. आज तिथे पोहोचणारा गाळ धरणांमुळे खूप घटला आहे आणि त्रिभुज प्रदेशाचा किनारा झिजतो आहे. सोलापूरला समुद्र नाही, पण त्या किनाऱ्याच्या हिशेबात सोलापूर आहे.

किनाऱ्यावर गाळाचे मूळ शोधणे त्या मानाने सोपे. अरबी समुद्राच्या उथळ तळावर इलाइट आणि क्लोराइट सिंधूकडे बोट दाखवतात, स्मेक्टाइट नर्मदा-तापीकडे. खडक वेगळे, म्हणून खूण वेगळी. भीमेच्या आपल्या खोऱ्यात मात्र भीमाशंकरपासून अक्कलकोटपर्यंत बेसाल्टच. इथे ‘कोणत्या खडकाचा गाळ’ असे विचारून फारसे हाती लागत नाही. ‘शेताच्या वरच्या थराचा, ओढ्याच्या काठाचा की उघड्या मुरमाड माळाचा’ असे विचारावे लागते, कारण उपायही त्यावरच ठरतो. गाळ शेतातला असेल तर बांधबंदिस्ती आणि समपातळीतली पेरणी. काठाचा असेल तर शेतात कितीही बांध घातले तरी बंधारा भरतच राहणार.

वरचा थर ओळखायला जगभर सिझियम-१३७ वापरतात. १९५०-६०च्या दशकांतल्या अणुचाचण्यांतून ते पावसाबरोबर उतरले आणि मातीच्या वरच्या थराला चिकटले. त्याचे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षे. पण आपली भारी काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, वरची माती भेगांत पडते आणि जमीन स्वतःच उलटीपालटी होते. त्यामुळे परदेशातले उभे आलेख इथे जसेच्या तसे लावू नयेत. कार्बनच्या समस्थानिकांचेही तेच. ऊस आणि ज्वारी दोन्ही सी-४ वर्गातली. या खुणेने तूर-हरभऱ्याचे रान वेगळे काढता येईल, पण उसाचे आणि ज्वारीचे एकमेकांपासून नाही. म्हणून एका खुणेवर विसंबू नये. चुंबकीय गुण, शिसे-२१०, सेंद्रिय कार्बन यांची जोड द्यावी आणि तुलना ६३ मायक्रॉनपेक्षा बारीक कणांचीच करावी. नाहीतर फरक मातीचा नसून चाळणीचा निघतो.

आणखी एक गुंता आपणच घातला आहे. २०१७पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तलावांचा गाळ शेतांवर पसरला गेला. शेतकऱ्याचा त्यात फायदा आहे, वाद नाही. पण अशा शेतातला नमुना ‘मूळ माती’ म्हणून घेतला, तर तलावाची तुलना तलावाशीच होईल. कोणत्या गटात किती गाळ पडला, याची नोंद नमुन्याच्या पिशवीवर हवी.

सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्रात १९३०च्या दशकातच उताराच्या रानातून वाहून जाणारे पाणी आणि माती मोजली जात होती. तो वारसा ‘किती’चा आहे. ‘कुठली’ हे त्यापुढचे पाऊल, आणि त्याला अवाढव्य खर्च लागत नाही. गाळ काढण्याच्या प्रत्येक कामाच्या अंदाजपत्रकात पाणलोटातले शेत, काठ आणि माळ यांचे नमुने पावसाळ्यापूर्वी घेण्याची तरतूद करावी, ते वाळवून, चाळून, जागेच्या अक्षांश-रेखांशासह जपावेत. तपासणीला पैसे पुढच्या वर्षी मिळाले तरी चालेल. पुराने नेलेल्या काठाचा नमुना मात्र पुढच्या वर्षी मिळणार नाही.