पाच गाड्यांचे शिवार

उन्हाळ्याची सुटी जवळ आली म्हणजे मंडळाच्या दप्तरी, अर्थात चिटणीसांच्या स्वयंपाकघरातील मेजावर, एकाच आशयाच्या पृच्छा येऊन पडू लागतात: कँपरव्हॅन घेऊन निघत आहोत, मुक्काम कोठे करावा? मोठ्या तळांची नावे कोणीही सांगेल. तेथे तरणतलाव असतो, दुकान असते, फाटकावर गाडीचा क्रमांक टिपणारे यंत्र असते, आणि शेजारच्या गाडीत कोण उतरले आहे हे निघेपर्यंत कळत नाही. आमची शिफारस निराळी आहे.

ब्रिटनच्या ग्रामीण भागात शेतकऱ्यांच्या कुरणांत आणि फळबागांच्या कडेला जे चिमुकले तळ आढळतात, त्यांचा उगम कोणाच्या उदार अंतःकरणात नसून 1960 सालच्या कॅरव्हान-तळांविषयीच्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, हे ऐकून भाविक वाचकांची किंचित निराशा होईल. एरवी असा तळ चालवावयाचा तर स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो. परंतु सरकारमान्य संस्थेने वर्षभराच्या मुदतीचा दाखला दिला असल्यास, तिच्या सभासदांच्या पाचपर्यंत गाड्या एका वेळी उतरवून घेण्याची मुभा त्या कायद्याने शेतकऱ्यास दिली आहे. असे दाखले देणाऱ्या दोन प्रमुख संस्थांपैकी एक सायकलस्वार तंबूवाल्यांनी 1901 मध्ये स्थापिली, तर दुसरी, तेव्हाचा कॅरव्हान क्लब, 1907 मध्ये घोड्यांच्या गाड्यांतून हौसेने भटकणाऱ्यांनी. त्याच 1907 साली आपल्याकडे गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ छापून निघाला, आणि दक्षिणेच्या आशेने वरसईहून उत्तरेस निघून सत्तावनच्या धामधुमीत सापडलेल्या त्या भिक्षुकाची हकीकत महाराष्ट्राने वाचली. एकाच वर्षी प्रवासाची ही दोन रूपे पृथ्वीच्या दोन टोकांना कागदावर यावीत, ही योगायोगाची गंमत आम्हांस नेहमीच वाटत आली आहे.

आतिथ्याचे मर्म त्या पाच या आकड्यात आहे. पाच गाड्यांच्या उत्पन्नात वेतनी नोकर ठेवणे परवडत नाही. सबब फाटकाशी घरची माणसेच येतात. हेरफर्डशरमध्ये, साइडरसाठी सफरचंदे पिकविणाऱ्या एका बागेत, आम्ही भर पावसात सायंकाळी पोहोचलो, तेव्हा यजमानीणबाई गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून गाडीच्या पुढे चालत गेल्या, कोणती जमीन घट्ट आहे आणि कोठे चाके रुततील हे त्यांनी हाताने दाखविले, पिण्याच्या पाण्याचा नळ, शौचाची टाकी रिती करण्याची जागा आणि विजेची जोडणी दाखवून दिली, पहाटे दुधाचा टँकर याच बोळातून जातो, तेव्हा गाडी आणखी आत घ्या, असेही बजावले, आणि पैशांचा विषय दुसऱ्या दिवसावर टाकून त्या घरात निघून गेल्या. स्नानगृह नव्हते; अशा तळांवर ते बहुधा नसतेच, आणि ज्यांना त्यावाचून चालत नाही त्यांनी मोठ्या तळाचा रस्ता धरावा, त्यात काही कमीपणा नाही.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहिणे प्राप्त आहे. आपल्या मंडळींस संघाने फिरण्याची आवड फार. चार-पाच कुटुंबे मिळून पाचही जागा आरक्षित करतात, मध्यभागी सतरंज्या पडतात, गाण्यांच्या भेंड्या रंगतात, आणि बिचाऱ्या शेतकऱ्यास स्वतःच्याच कुरणात आगंतुक झाल्यासारखे वाटू लागते. यात नियमाचा भंग काही नाही. पण ज्या अनोळखी शेजाऱ्यासाठी, ज्या दोन घटकांच्या संभाषणासाठी तेथे जावयाचे, त्यालाच जागा उरत नाही. दोन गाड्यांहून अधिक एकत्र नेऊ नयेत, असे आमचे नम्र परंतु ठाम मत आहे. ज्यांना ते अमान्य असेल त्यांनी जरूर लिहावे. खंडनपर पत्रांस या वार्तापत्रात जागेची वाण कधी पडलेली नाही.

पुढील अंकी अशा तळांची टिपणे देण्याचा मानस आहे. बोळ किती अरुंद, पावसात जमीन कितपत टिकते, नळ किती दूर, जवळचे खेडे पायी गाठता येते काय, एवढा मजकूर पुरे. मात्र नाव छापण्यास यजमानांची अनुमती घेतल्यावाचून टिपण पाठवू नये.