घाम वाळण्याआधी

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलने मळवलीला उतरले, की भाजे गाव पायी गाठता येते. पावसाळ्यात तिथे धबधब्यासाठी आणि लोहगड-विसापूरसाठी झुंबड उडते. आम्ही मुलांना घेऊन गेलो ते पाऊस ओसरल्यावर, लेणी निवांत पाहता यावीत म्हणून. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी डोंगर कोरून केलेली ही बौद्ध लेणी. दक्षिण टोकाच्या विहारात एक शिल्प आहे. एक बाई तबल्यासारखे वाद्य वाजवते आहे आणि तिच्या तालावर दुसरी नाचते आहे. आमच्या धाकटीने ते बराच वेळ पाहिले आणि विचारले, "हिला वाजवायचे पैसे किती मिळत असतील?"

आम्ही हसलो, पण उत्तर सुचले नाही. भाज्याच्या लेण्यांत दान देणाऱ्यांचे शिलालेख आहेत. ही बाई ज्याच्या छिन्नीतून उतरली, त्याचे नाव तिथे नाही. रेल्वे आणि महामार्ग ओलांडून पलीकडे कार्ल्याला गेले, तर मात्र एक कारागीर नावानिशी भेटतो. धेनुकाकटचा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा. दाराचे काम आपण केले, हे त्याने कोरून ठेवले आहे. लिहिले गेले म्हणून तो उरला.

मुलीचा प्रश्न घेऊन आम्ही घरी आलो आणि आपल्याच मोहल्ल्याकडे पाहू लागलो. वरातीत क्लॅरिनेट वाजवणारा, ताशेवाला, उर्सात रात्रभर गाणारा कव्वाल आणि त्याच्यामागे टाळी धरणारे, दुकानांच्या पाट्या रंगवणारा, लग्नाचे व्हिडिओ काढणारा, घरोघर जाऊन मेहंदी काढणाऱ्या मुली. यातले कितीतरी आपले नातलग, शेजारी आहेत. त्यांच्या कामाला आपण 'कला' म्हणतो, 'हौस' म्हणतो. 'मजुरी' हा शब्द तेवढा टाळतो. आणि मजुरी म्हटली नाही, की ती बुडवतानाही काही वाटत नाही.

व्यवहार कसा होतो ते पाहा. फोनवर सुपारी ठरते. हातात थोडा विसार पडतो. दोन तासांची वरात चार तास चालते, त्याचे जादा पैसे कोणी धरत नाही. रात्री उशिरा हिशेबाची वेळ आली, की 'घरचंच कार्य आहे, सांभाळून घ्या' म्हणत हजार-दोन हजार कापले जातात. लग्न पुढे ढकलले, तर विसार परत मागितला जातो. बँडमालक यातून कसाबसा निभावतो. त्याच्या हाताखाली वाजवणाऱ्याच्या वाट्याला उरलेसुरले येते. तमाशाच्या फडांत कलावंत हंगामाआधी उचल घेतो आणि ती फिटेपर्यंत फडाला बांधला जातो. उचल किती आणि फिटली किती, हा हिशेब बहुधा मालकाच्याच वहीत असतो.

गाणे-बजावणे घरच्या कार्यात असावे की नसावे, याबद्दल आपल्यात मतभेद आहेत. तो वाद आम्ही इथे काढत नाही. ज्यांना नको, त्यांनी बोलावू नये. पण माणसाला बोलावले, राबवले, तर त्याचे पैसे त्याचा घाम वाळण्याआधी द्यावेत, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे, आणि तिच्यात ताशेवाल्याला वगळलेले नाही. कुरआनातली सर्वांत लांब आयत सूरह बकरामध्ये आहे. ती देण्याघेण्याबद्दल आहे. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार असावेत, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असे तिच्यात सांगितले आहे. आपण ती भक्तीने वाचतो आणि बँडवाल्याशी मात्र तोंडी ठरवतो.

एकट्या कलावंताने कागद मागितला, तर 'एवढा विश्वास नाही का?' असे म्हणून गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. म्हणून मागणी सर्वांनी मिळून करावी लागते. हे आपल्या मातीला नवे नाही. बार्शीचा महबूब पटेल, ज्याला महाराष्ट्र शाहीर अमर शेख म्हणून ओळखतो, त्याने १९४४ साली अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे केले. या शाहिरांनी गिरणी कामगारांना एकजुटीचे बळ गाण्यातून समजावले. दुसऱ्यांना संघटित करणारी ही कला. तिच्यावर पोट असणाऱ्यांनी तोच धडा स्वतःसाठी गिरवायला हवा.

हमालांचे उदाहरण घ्या. त्यांनाही कायमचा मालक नव्हता. आज या गाळ्यावर, उद्या त्या. बँडवाल्याचेही तसेच. हमालांनी टोळ्या-टोळ्यांनी संघटना केली, लढे दिले, आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. टोळीची मंडळाकडे नोंद, मजुरी मंडळामार्फत, आणि वर मालकाने भरायची लेव्ही, ज्यातून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, औषधपाणी. मालक बदलला तरी हक्क बदलत नाही, हे त्याचे मर्म.

चित्रपटातल्या कामगारांनाही मार्ग मिळाला. १९८१ च्या केंद्रीय कायद्याने त्यांच्यासाठी लेखी करार बंधनकारक केला. गीतकारांचा लढा जुना आहे. आकाशवाणीवर गाण्यासोबत गीतकाराचेही नाव घेतले जावे, असा आग्रह साहिर लुधियानवींनी धरला होता. पुढे जावेद अख्तर यांनी राज्यसभेत ही बाजू लावून धरली आणि २०१२ साली कॉपीराइट कायदा बदलला. गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा आता निर्माता करारात लिहूनही काढून घेऊ शकत नाही. गरजेपोटी माणूस कशावरही सही करतो, हे कायद्याने ओळखले.

गल्लीतल्या कलावंतापर्यंत यातले फारसे पोचलेले नाही. करोनात लग्नसराई बुडाली, तेव्हा २०२१ साली राज्य सरकारने एकल कलाकारांना एकरकमी ५,००० रुपये देण्याचे ठरवले. मग प्रश्न आला, तुम्ही कलाकार आहात याचा पुरावा काय? आयुष्यभर वाजवले, पण एका कागदावर नाव नाही. वृद्ध कलावंतांच्या मानधन योजनेचा अर्ज भरतानाही हीच अडचण येते.

म्हणून सुरुवात लहान करावी. एका गावातल्या, एका मोहल्ल्यातल्या वाजवणाऱ्यांनी, मेहंदीवाल्यांनी महिन्यातून एकदा बसावे. एकच छापील पावती ठरवावी: तारीख, तास, रक्कम, विसार, जादा तासाचा दर, कार्य रद्द झाले तर काय. कमीत कमी दर मिळून ठरवावा आणि त्याखाली कोणी जाऊ नये. पावत्यांच्या प्रती जपाव्यात. उद्या तोच पुरावा. ई-श्रम पोर्टलवर असंघटित कामगार म्हणून नोंद करून घ्यावी. मशिदीच्या किंवा जमातीच्या कमिटीनेही निकाहाच्या वेळी घरच्यांना एवढे विचारावे, 'सगळ्यांचे पैसे चुकते झाले ना?'

आणि आपण? कबूल करायला लाज वाटते, पण सांगतो. आमच्या घरच्या लग्नात मेहंदीवालीशी पाच जणींचे ठरले होते. बसल्या अकरा जणी. ती मध्यरात्रीपर्यंत मान खाली घालून काढत राहिली. पैसे दिले ते पाच जणींचेच, वर बिर्याणीचा डबा. तेव्हा वाटले, किती आपुलकीने वागलो! भाज्याहून आल्यावर तिचा पत्ता काढला आणि उरलेले पैसे देऊन आलो. तिने ते मोजले नाहीत. एवढेच म्हणाली, "परत कोणी येत नाही हो."

धाकटी सोबत होती. तिला तिच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळाले असावे. उरलेले अर्धे आपण सगळ्यांनी मिळून द्यायचे आहे.