इन्फेक्शन नाही, तरी अँटिबायोटिक का?

लाल रेघेची स्ट्रिप डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, हे सरकार 2016 पासून सांगतंय. बरोबरच आहे. पण त्याची दुसरी बाजूही बघा.

ल्युपससारख्या आजारात रोगप्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते, म्हणून ती औषधांनी दाबतात. माझ्या भाषेत, फायरवॉल ढिली करतात. मग न्यूमोसिस्टिस नावाची बुरशी जीवघेणा न्यूमोनिया करू शकते. प्रेडनिसोलोन रोज 15-30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त, 2-4 आठवड्यांहून अधिक काळ चालणार असेल, तर आधीच बचावाचा विचार करा, असं 2022 च्या युरोपीय युलार शिफारशी सांगतात. त्यासाठी सहसा को-ट्रायमॉक्साझोल देतात. हे जुनं अँटिबायोटिक या बुरशीवरही चालतं.

पण सरसकट नाही. मेथोट्रेक्सेटसोबत ते घेतलं तर रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत कमी होऊ शकतात. सल्फाची ॲलर्जी असेल तर तेही डॉक्टरांना आधी सांगायला हवं.

म्हणून घरात कुणाला हे लिहून दिलं, तर चॅटबॉटला विचारून परस्पर बंद करू नका. त्याला पेशंटचे रिपोर्ट माहीत नसतात. त्यापेक्षा चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांचे फोटो काढून डॉक्टरांना दाखवा आणि विचारा: हे कशासाठी, आणि किती दिवस?