मखलाशी आणि हंसूं

सन २००१ मध्यें स्टार प्लस वाहिनीवर ‘जी मंत्रीजी’ ही विनोदी मालिका दाखविण्यांत आली. बी. बी. सी. नें १९८० पासून दाखविलेल्या ‘येस मिनिस्टर’चें तें हिंदी रूपांतर होतें. फारुख शेख ह्यांनीं मंत्र्याची व जयंत कृपलानी ह्यांनीं सचिवाची भूमिका केली होती. मंत्र्यानें कांहीं करूं म्हणावें आणि सचिवानें अत्यंत अदबीनें तें होऊं देऊं नये, एवढेंच तिचें कथानक. पण न झालेलें काम झाल्यासारखें दिसावें म्हणून जी सारवासारव चालते, तिच्यांतच सारी गंमत आहे. मूळ मालिकेंत एक नवें कोरें रुग्णालय आहे. तेथें सुमारें ५०० कर्मचारी आहेत, स्वच्छता वाखाणण्याजोगी आहे, आणि रोगी एकही नाहीं!

अशा मालिकांविषयीं पालकवर्गांत एकमत नाहीं. कित्येकांस वाटतें कीं, त्यांच्या योगानें मुलांच्या मनांतून राज्यकारभाराविषयींचा आदर जातो. हा आक्षेप सहज झटकून टाकण्याजोगा नव्हे. आपल्या शहरांतील अनेक मुलांचे आईवडील बेलापूरच्या कोंकण भवनांत किंवा लोकलनें मुंबईस जाऊन मंत्रालयांत इमानेंइतबारें नोकरी करतात. त्यांचींच मुलें सरकारी नोकर म्हटला कीं हंसूं लागलीं, तर तें कोणास रुचेल? दुसरे म्हणतात, ही घटकाभर करमणूक. तिनें कोणी सुधारत नाहीं व बिघडतही नाहीं. हें मत आम्हांस पहिल्याहूनही कमी पटतें, कारण मालिकेस कांहीं सांगावयाचेंच नाहीं असें त्यांत गृहीत धरलें आहे.

आमच्या मतें ह्या मालिका शब्द पारखून घ्यावयास शिकवितात, आणि नवी मुंबईच्या मुलांस ही शिकवण विशेष हवी. वीज ठरवून बंद ठेवली म्हणजे आपल्या राज्यांत तिला ‘भारनियमन’ म्हणत. ऐकणारास वाटावें, कांहीं मोठें शिस्तीचें कार्य चाललें आहे. त्याहून ‘भूसंपादन’ हा शब्द पाहा. विद्यार्थी ज्ञान संपादन करतो, तेव्हां दुसऱ्या कोणाचें ज्ञान कमी होत नाहीं. परंतु १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली आणि ह्या शहरासाठीं ९५ गांवांच्या जमिनींचें ‘संपादन’ ठरलें, त्या जमिनी कोणाच्या तरी होत्या. तेथें भाताचीं खाचरें होतीं, मिठागरें होतीं. योग्य मोबदल्यासाठीं शेतकऱ्यांनीं दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखालीं आंदोलन केलें, आणि जानेवारी १९८४ मध्यें उरण तालुक्यांत जासईच्या परिसरांत झालेल्या गोळीबारांत ५ जण प्राणांस मुकले. ज्यांच्या आजोबांचीं शेतें गेलीं तीं मुलें आणि ज्यांस त्या जमिनीवर घर मिळालें तीं मुलें आज एकाच बाकावर बसतात. ‘संपादन’ ह्या शब्दाचा अर्थ त्या दोघांच्या घरीं एकच नसतो. शब्दकोशांत हा भेद सांपडावयाचा नाहीं.

मालिकेंत आम्हांस एक उणीव मात्र दिसते, आणि ती तिच्या निंदकांनीं सांगितलेली नव्हे. तिचे बहुतेक प्रसंग मंत्र्याच्या कचेरींत घडतात. ज्याच्यासाठीं कारभार चालावयाचा, तो मनुष्य तेथें सहसा येत नाहीं. मंत्री हरो कीं सचिव जिंको, दोघेही आपणांस लाडकेच होतात. (पंतप्रधान मार्गारेट थॅचर ह्यांस मूळ मालिका फार आवडे, ह्याचें आम्हांस मुळींच नवल वाटत नाहीं.) आपल्या वगाची रीत निराळी. वसंत सबनीस ह्यांचें ‘विच्छा माझी पुरी करा’ हें लोकनाट्य दादा कोंडके ह्यांनीं १९६५ पासून गाजविलें. तेथेंही राजा आहे, प्रधान आहे. पण वगांतील सोंगाड्या गांवच्या भाषेंत थोरामोठ्यांस तोंडावर विचारतो, आणि प्रेक्षक कोणाच्या बाजूनें हंसत आहेत ह्याविषयीं शंका राहत नाहीं. असा एखादा सोंगाड्या त्या मंत्र्याच्या कचेरींत शिरता, तर त्या गोडबोल्या सचिवास काय उत्तर सुचलें असतें, हें पाहावयास आम्हांस फार आवडलें असतें.