दंड भरला, तरी परवाना जातो

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या एकाला एक लागून वाढलेल्या तीन शहरांत, दारू पिऊन वाहन चालवताना प्रथमच पकडल्या गेलेल्या माणसाला जाणती मंडळी एकच सल्ला देतात: पहिलीच वेळ आहे, न्यायालयात दहा हजार भरायचे आणि मोकळे व्हायचे. गटारी, धुळवड किंवा ३१ डिसेंबरच्या नाकाबंदीच्या सुमारास हा सल्ला विशेष ऐकू येतो. तो अर्धसत्य आहे, आणि त्याच्या आडोशाला कायद्यातील सर्वांत परिणामकारक तरतूद झाकली गेली आहे.

प्रथम पूर्वपक्ष, म्हणजे ज्याचे खंडन करायचे ते मत, त्याच्या पूर्ण बळानिशी मांडणे न्याय्य ठरेल. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क असताना वाहन चालवणे, किंवा चालवण्याचा प्रयत्न करणे, हा गुन्हा असून पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्याने केवळ दंडावर थांबणे कायद्याला धरूनच असते. परंतु त्याच अधिनियमाचे कलम २० सांगते की कलम १८५ खाली दोषी ठरलेल्या व्यक्तीला न्यायालयाने अपात्र ठरवलेच पाहिजे आणि ही अपात्रता, म्हणजे वाहन चालवण्याचा परवाना बाळगण्यास किंवा मिळवण्यास केलेली मनाई, सहा महिन्यांहून कमी असता कामा नये. ही तरतूद पहिल्या आणि दुसऱ्या गुन्ह्यात भेद करत नाही. अपात्र असताना वाहन चालवले, तर कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, हा वेगळा गुन्हा उभा राहतो.

‘भरून मोकळे’ होण्याची कल्पना बहुधा ई-चलनाच्या सवयीतून आली असावी. हेल्मेट नसणे यांसारखे गुन्हे तडजोडपात्र असतात, म्हणजे ठरावीक रक्कम घेऊन प्रकरण न्यायालयाबाहेर मिटवता येते. तशा गुन्ह्यांची यादी कलम २०० मध्ये आहे आणि तीत कलम १८५ नाही. म्हणून आरोपीला न्यायालयासमोर जावे लागते, आणि तेथे गुन्हा कबूल करून दंड भरणे म्हणजे दोषसिद्धी स्वीकारणे होय. पूर्वी आधीच्या गुन्ह्यापासून तीन वर्षांच्या आत तो पुन्हा केला, तरच वाढीव शिक्षा होत असे. २०१९ च्या दुरुस्तीने ती मुदत काढून टाकली. आज घाईने दिलेली कबुली त्यामुळे दहा वर्षांनंतरही दोन वर्षांपर्यंतच्या कारावासाचे दार उघडू शकते.

यंत्रात फुंकण्यास नकार दिला की पुरावाच उरत नाही, हाही असाच एक समज. योग्य कारणाशिवाय चाचणी नाकारणे हे कलम २०५ खाली आरोपीच्याच विरोधात धरले जाऊ शकते. उलट, अटक झालेल्याची दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली नाही, तर त्याला सोडावे लागते, हे कलम २०२ मधील संरक्षण मात्र फारसे कोणी सांगत नाही.

‘कोणाला लागले तर नाही ना’ या युक्तिवादाचा विचार अधिक गांभीर्याने करायला हवा. १२ नोव्हेंबर २००६ रोजी मुंबईच्या कार्टर रोडवर मद्यधुंद चालकाची मोटार पदपथावर झोपलेल्या मजुरांवर गेली आणि सात जण मृत्युमुखी पडले. त्या खटल्यात उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाखाली दिलेली तीन वर्षांची शिक्षा २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली, कारण असे वाहन चालवण्याने माणसे मरू शकतात याची जाणीव चालकाला होती असे मानता येते. काटई–बदलापूर रस्त्यावर किंवा बारवी धरणाकडून परतताना अडवला गेलेला चालक त्याच जाणिवेनिशी गाडीत बसलेला असतो. त्याच्या वाटेत कोणी आले नाही, हे त्याचे कर्तृत्व नव्हे.

खरा आक्षेप उपजीविकेचा आहे. सहा महिने परवाना गेला, तर स्थानकाबाहेरचा रिक्षाचालक किंवा आनंदनगर औद्योगिक वसाहतीतला टेम्पोचालक घर कसे चालवणार? हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. तथापि, याच निकषावर दंडाकडे पाहिले, तर विषमता तिथेच अधिक दिसते: दहा हजार रुपये ही कष्टकऱ्याची महिन्याची मिळकत असू शकते आणि कर्जत रस्त्यावरील फार्महाऊसच्या मालकाला ती एका मेजवानीची किंमत असते. परवाना मात्र श्रीमंतालाही विकत घेऊन परत मिळवता येत नाही. शिवाय, रात्री उशिराच्या लोकलने उतरलेल्या स्त्रीला शेअर रिक्षात बसताना चालकाच्या शुद्धीची परीक्षा घेता येत नाही. तिच्या वतीने ती परीक्षा कायद्यानेच घ्यायची असते.

रस्ता सुरक्षेसाठी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने २०१५ मध्ये पहिल्याच गुन्ह्यात कारावासाची मागणी करण्याचे निर्देश दिले होते. मात्र कोणी जखमी झालेले नसताना तुरुंग हा पहिला उपाय असू नये. कारण तुरुंगाची शिक्षा कुटुंबाला अधिक भोगावी लागते, तर अपात्रता नेमका धोक्याचा हात चाकावरून काढून घेते. म्हणून कलम १८५ खालील प्रत्येक दोषसिद्धीच्या आदेशात अपात्रतेचे वाक्य स्पष्ट लिहिले जावे, तो आदेश कल्याणच्या परिवहन कार्यालयात विनाविलंब नोंदवला जावा आणि कबुलीजबाब घेण्यापूर्वी आरोपीला हा परिणाम मराठीत, त्याला समजेल अशा शब्दांत सांगितला जावा, मग तो आरोपी रिक्षाचा चालक असो वा फार्महाऊसचा मालक.