क्रूझ बुक करण्याआधी बंदरं मोजा

सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजांवर हल्ली मराठी सर्रास कानावर पडतं. कुणी निवृत्तीच्या पैशातून आलेलं असतं, कुणाच्या लग्नाला चाळीस वर्षं झालेली असतात, कुणाला मुलांनी हौसेनं पाठवलेलं असतं. मोठ्या खिडकीची केबिन, चार-पाच दिवस पाणी आणि आकाश, रोज नवं गाव. आयुष्यभर काटकसर केलेल्या माणसांनी हे जरूर अनुभवावं. पण क्रूझचे पैसे भरण्याआधी मार्गाचा कागद समोर घ्या, आणि प्रत्येक बंदरापुढे तो देश कोणता, आणि त्यात आपण कितव्यांदा शिरतोय, एवढं हातानं लिहून काढा. ही माझी सगळ्यांना कळकळीची विनंती आहे.

विमानाच्या सहलीत आपण एका देशात उतरतो आणि तिथूनच परत निघतो, त्यामुळे व्हिसा म्हणजे एकदाच करायचं काम अशी सवय लागलेली असते. जहाज रोज हद्द ओलांडतं. सिंगापूर, पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर ही सगळ्यात साधी फेरी घ्या. मुंबईहून विमानानं सिंगापूरला उतरलात, तो पहिला प्रवेश. जहाज सुटलं की तुम्ही सिंगापूरबाहेर. चार दिवसांनी त्याच धक्क्यावर उतरलात, तो दुसरा. म्हणजे सिंगापूरचा व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा आत जाऊ देणारा आहे, आणि त्याची मुदत परतीच्या तारखेच्या पुढे आहे, ही खात्री आधी करायची. व्हिसा हातात आला की तो घडी घालून ठेवण्याआधी शेवटपर्यंत वाचा. प्रवेश किती वेळा, मुदत कधीपर्यंत, हे त्यावरच छापलेलं असतं.

जपानच्या फेऱ्यांमध्ये हाच मुद्दा फार महागात पडतो. योकोहामाहून निघालेलं जहाज कोबे, नागासाकी करत मध्येच कोरियाच्या बुसानला जातं आणि परत योकोहामाला येतं. कागदावर ही ‘जपानची सहल’ दिसते, म्हणून लोक जपानचा एकदाच प्रवेश देणारा व्हिसा काढतात. जहाज बुसानकडे वळलं की तो व्हिसा वापरून संपला. परतीला जपानमध्ये शिरायचं कसं? अशा फेरीसाठी दोनदा किंवा अनेकदा प्रवेशाचा व्हिसा मागावा लागतो, आणि अर्जासोबत जहाजाचा पूर्ण मार्ग जोडावा लागतो. कोरियासाठी काय लागेल, हे क्रूझ कंपनीकडून वेगळं विचारून घ्यायचं.

व्हिएतनामचा ई-व्हिसा घरबसल्या निघतो. एकदाच प्रवेशाचा २५ डॉलरला आणि अनेकदा प्रवेशाचा ५० डॉलरला, मुदत ९० दिवसांपर्यंत. अर्जात तुम्ही कोणत्या नाक्यावरून देशात शिरणार, हे विचारलेलं असतं. घाईत माणसं यादीतला ओळखीचा विमानतळ निवडून मोकळी होतात. तुमचं जहाज व्हिएतनामच्या ज्या बंदराला पहिल्यांदा लागणार, तेच तिथं यायला हवं. सलग दोन-तीन बंदरं व्हिएतनामचीच असतील तर एका प्रवेशात भागतं, पण मध्ये कंबोडियाचं सिहानुकविल आलं की पुन्हा मोजायला बसा. हाँगकाँगला भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण २०१७ पासून आगाऊ नोंदणी करावी लागते. ती फुकट आहे, मात्र तिची छापील प्रत जवळ पाहिजे.

मलेशियानं भारतीयांना १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांपर्यंत व्हिसातून सूट दिली, थायलंडमध्येही आपल्याला पर्यटनासाठी व्हिसाशिवाय जाता येऊ लागलं. चांगलंच झालं. पण या सवलती आहेत, त्या मुदतीनं मिळतात आणि बदलतातही. गेल्या वर्षी शेजारी जाऊन आले, त्यांना काही लागलं नाही, यावर विसंबू नका. बुकिंगच्या दिवशी एकदा आणि निघण्याच्या महिनाभर आधी पुन्हा एकदा त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पाहा. व्हिसा लागो वा न लागो, सिंगापूर, मलेशिया आणि थायलंड तिघांचंही आगमनपत्र मोबाइलवर आधी भरावं लागतं, आणि तिन्ही पूर्ण फुकट आहेत. गूगलवर शोधलं की वरच्या दोन-तीन जागा बहुतेक वेळा दलालांच्या असतात. त्यांची पानं हुबेहूब सरकारी वाटतात आणि शेवटी कार्ड मागतात. आगमनपत्रासाठी पैसे मागितले की समजा आपण चुकीच्या दारात उभे आहोत. तिथून बाहेर पडा.

“आम्ही त्या गावात उतरणारच नाही, जहाजावरच बसू” असं पुष्कळ जण म्हणतात. काही देशांत केबिनमधून पाऊल बाहेर टाकलं नाही तरी व्हिसा लागतो, कारण जहाज त्यांच्या बंदरात लागलं म्हणजे प्रवासीही तिथं पोहोचला असं ते धरतात. एका बंदराचा कागद कमी पडला तर क्रूझ कंपनी पहिल्याच धक्क्यावर चढू देत नाही, आणि पैसेही परत देत नाही. कंपनीच्या अटींमध्ये कागदपत्रांची जबाबदारी प्रवाशाची असल्याचं स्पष्ट लिहिलेलं असतं. सिंगापूरच्या मरिना बे क्रूझ सेंटरच्या काउंटरवर बसलेली मुलगी पासपोर्टची मुदत बघते, व्हिसाच्या छापील प्रती मागते, नाव पडद्यावरच्या नावाशी जुळवते. ‘आमच्या एजंटनं सांगितलं होतं’ हे वाक्य तिच्या काही कामाचं नाही. सिंगापूरचा व्हिसा सहसा अधिकृत एजंटामार्फत करावा लागतो, तेव्हा एजंट असू द्या, चांगला एजंट मोठा आधारही असतो. पण त्याच्याकडून प्रत्येक बंदराचं उत्तर लेखी घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर घेतलं तरी चालेल. तोंडी ‘काका, काही काळजी करू नका’ यावर लाखो रुपये सोडू नका.

आता नावाकडे या, कारण आपल्याकडे घोळ इथंच होतो. मराठी माणसाच्या पासपोर्टवर स्वतःच्या नावाच्या रकान्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं आणि आडनाव वेगळ्या रकान्यात. विमानाच्या तिकिटावर मुलगा फक्त नाव आणि आडनाव टाकतो, क्रूझच्या बुकिंगला मधलं नाव येतं, व्हिसाच्या अर्जात एजंट ते आडनावाला चिकटवतो. बायकांच्या बाबतीत आणखी गुंता. पासपोर्ट माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या, आणि बँकेचं कार्ड तिसऱ्याच पद्धतीनं. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी बाणांसारख्या खुणा असलेल्या दोन ओळी असतात. यंत्र त्याच वाचतं. त्यातल्या वरच्या ओळीत नाव ज्या अक्षरांत आणि ज्या क्रमानं आहे, तसंच सगळीकडे टाका. जन्मतारखेत दिवस आणि महिना उलटा झालेला नाही ना, पासपोर्टच्या क्रमांकात शून्याच्या जागी ‘ओ’ पडलेला नाही ना, हे दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या. स्वतः लिहिलेल्यातली चूक स्वतःच्या डोळ्यांना दिसत नाही.

पासपोर्टची मुदत प्रवास संपायच्या दिवसानंतर किमान सहा महिने हवी आणि कोरी पानं शिल्लक हवीत. नातवंडांना घेऊन जाणार असाल आणि त्यांचे आईवडील सोबत नसतील, तर दोघांच्या सहीचं नोटरी केलेलं संमतिपत्र बरोबर ठेवा. आजी-आजोबा म्हणून आपला हक्क घरात असतो, काउंटरवर कागदच लागतो.

आशियातल्या बऱ्याच फेऱ्यांमध्ये चढतानाच पासपोर्ट जहाजाच्या कार्यालयात जमा करून घेतात, म्हणजे प्रत्येक बंदरातले अधिकारी ते एकत्र तपासू शकतात. घाबरू नका, ही नेहमीची रीत आहे. पण त्याआधी पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या दोन-दोन छायाप्रती काढा, एक खिशात आणि एक जोडीदाराच्या पिशवीत. मोबाइलमधला फोटो पुरत नाही, कारण मोबाइलची बॅटरी नेमकी बाजारात फिरताना संपते.

वेळेचं सगळ्यांनी मनावर घ्या. सिंगापूर आणि मलेशियाचं घड्याळ एकच आहे, थायलंडचं एक तास मागे. बरीच जहाजं पूर्ण फेरीत सिंगापूरचीच वेळ ठेवतात. फुकेतला उतरलात की मोबाइल आपोआप थायलंडची वेळ दाखवू लागतो. जहाजावर परत यायची वेळ पाच सांगितलेली असते, तुमचा मोबाइल चार दाखवत असतो, आणि तुम्ही अजून तास आहे म्हणून शहाळं पीत बसता. जहाज निघून जातं. ते एकट्यादुकट्यासाठी थांबत नाही. कंपनीनं आयोजित केलेली सहल उशिरा आली तर थांबतं, स्वतः केलेल्या टॅक्सीसाठी नाही. मनगटावर साधं काट्यांचं घड्याळ बांधा आणि त्याला जहाजाच्या वेळेवरून हलवू नका. बँकॉकसाठी जहाज लेम चबांगला लागतं, तिथून शहर शंभर किलोमीटरहून लांब आहे. हो ची मिन्ह सिटीसाठीच्या फू मी बंदरातूनही जायलाच दीडदोन तास जातात. अशा ठिकाणी कंपनीची सहल महाग वाटली तरी तीच घ्या, असं मी स्पष्ट सांगेन. पेनांगला मात्र जहाज जॉर्जटाउनच्या काठालाच लागतं, तिथं आपले आपण पायी फिरा.

गुडघ्यांचा त्रास असेल तर प्रत्येक बंदरापुढे आणखी एक गोष्ट लिहा: जहाज धक्क्याला लागतं की समुद्रात उभं राहतं? फुकेतच्या पातोंगसारख्या ठिकाणी प्रवाशांना लहान बोटींतून किनाऱ्यावर नेतात. लाटांवर हलणाऱ्या बोटीत पाय टाकायचा असतो. चाकाची खुर्ची असेल तर तिथं उतरू देतीलच असं नाही.

सामान बांधताना स्वयंपाकघराकडे नीट बघा. दिवाळीच्या सुट्टीत निघणाऱ्या घरांतून डब्यात अनारसे जातात, करंज्या जातात, आणि दोन्हींत खसखस असते. सिंगापूरमध्ये खसखस आणायला बंदी आहे. अमली पदार्थांच्या कायद्याखाली ती येते, आणि तिथं हा कायदा फार कडक आहे. आईनं प्रेमानं दिलेला डबा असला तरी घरीच ठेवा. गुटखा, तंबाखूची पुडी, च्युइंगगम आणि ई-सिगारेट यांपैकी काहीही सिंगापूरला नेऊ नका. जहाजावर विजेची किटली, इस्त्री, पाण्यात सोडायचा हीटर चढू देत नाहीत, कारण जहाजावर आगीइतकी भीती दुसऱ्या कशाची नसते. शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा, आणि पहिल्या संध्याकाळी जेवणघराच्या प्रमुखाला भेटून आठवण करून द्या. कांदा-लसूण वगळून करून देणारे आचारी पुष्कळ जहाजांवर आहेत, पण त्यांना आदल्या दिवशी सांगावं लागतं.

औषधं पूर्ण प्रवासाची आणि वर आठवड्याची घ्या, मूळ पाकिटात, डॉक्टरच्या चिठ्ठीसह. झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्या, कोडीन असलेली खोकल्याची औषधं यांना सिंगापूरमध्ये आगाऊ परवानगी लागू शकते, हे आपल्या डॉक्टरांना दाखवून तपासा. बोट लागत असेल तर खालच्या मजल्यावरची, मध्यभागातली केबिन मागा, तिथं हेलकावे कमी जाणवतात.

जहाजावर दवाखाना असतो, पण तो फुकट नसतो. साध्या तपासणीचं बिलही डॉलरमध्ये केबिनच्या खात्यावर चढतं. भारतातला नेहमीचा आरोग्य विमा बहुधा तिथं चालत नाही. क्रूझचा उल्लेख असलेला प्रवास विमा घ्या, समुद्रातून रुग्णाला हलवण्याचा खर्च त्यात आहे का ते बघा, आणि मधुमेह, रक्तदाब, हृदयाची शस्त्रक्रिया जे काही असेल ते अर्जात न लपवता लिहा. चार पैसे वाचवण्यासाठी आजार लपवला की दावा फेटाळला जातो. सेवाशुल्काचंही विचारून ठेवा. अगदी वरच्या दर्जाच्या कंपन्या ते भाड्यातच धरतात, बाकीच्या दरमाणशी दररोज वेगळं लावतात, आणि दोघांचं मिळून ते बऱ्यापैकी होतं. समुद्रात मोबाइल विमानातल्यासारखाच फ्लाइट मोडवर ठेवा. जहाजाच्या उपग्रह जाळ्याला तो आपोआप जोडला गेला तर घरी आल्यावर बिल येतं.

चढल्यावर पहिल्याच दिवशी सुरक्षेची कवायत असते. बुफे सोडून तिथं जा. १३ जानेवारी २०१२ला इटलीच्या जिलियो बेटाजवळ कोस्टा कोंकोर्डिया हे जहाज खडकाला घासून कलंडलं आणि ३२ माणसं गेली. शेवटच्या बंदरात चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि १ जानेवारी २०१५ पासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच ती घ्यावी लागते. आपल्या जीवरक्षक बोटीची जागा कुठं, तिथवर जिना कोणता, हे दोघांनीही प्रत्यक्ष चालून बघून ठेवा.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात, त्या थेट धक्क्यावर मिळतात. औषधं, चष्मा, सकाळचे कपडे आणि परत मिळालेला पासपोर्ट हातातल्या पिशवीत राहू द्या. आणि सिंगापूरचं आगमनपत्र दुसऱ्यांदा भरायचं आहे, हे विसरू नका. पहिलं विमानानं येताना भरलेलं असतं, ते या प्रवेशाला चालत नाही. शेवटचे तीन दिवस उरले की ते भरता येतं, तेव्हा फेरीतल्या शेवटच्या बंदरात किनाऱ्यावर नेटवर्क असतानाच पाच मिनिटं काढून दोघांचंही भरून टाका.