झुरळ कोणतं, ते आधी बघा!
हरसूलचं गावाकडचं घर असो की नाशिकमधला वन-बीएचके, झुरळ दिसलं की आपण स्प्रे मारून मोकळे! पण बॉस, आधी नीट बघा. बाथरूममधलं चार सेंटिमीटरचं लालसर धूड म्हणजे अमेरिकन. ते बहुतेक गटारातून येतं. मोरीला बारीक जाळी बसवा.

किचनमधलं दीड सेंटिमीटरचं, डोक्यामागे दोन काळ्या रेघांचं ‘जर्मन’ मात्र डेंजर. (नावावर जाऊ नका. २०२४च्या जनुकीय संशोधनानुसार त्याचं मूळ भारत किंवा म्यानमारमधलं!) मादी तीस-चाळीस अंड्यांची पिशवी पिल्लं निघायच्या बेतात येईपर्यंत अंगावरच वागवते. म्हणून एकच दिसलं तरी शेगडीमागे, फ्रिजच्या मोटरपाशी जेलचे ठिपके लावा. आणि त्यावर स्प्रे मारू नका, नाहीतर ती जेलला तोंडच लावत नाहीत.